चादरीचे एकोणीस सेकंद

बावीस वर्षं मी लग्नाचे व्हिडिओ कापतोय आणि बावीस वर्षांत मला एकच अभिप्राय मिळालाय: आमचे अमुक दिसले नाहीत. अमुकच्या जागी कधी मामेसासरे, कधी नवरीची मोठी आत्या, एकदा तर नवऱ्याच्या ऑफिसातला लिफ्टवाला. व्हिडिओ चांगला झालाय, अमक्या ठिकाणी डोळ्यांत पाणी आलं, असं एक माणूस बोललं असेल तर शपथ. त्यामुळे मी माझा नियमच करून टाकला. प्रत्येक नातेवाइकाला तीन सेकंद. कोणाला चार दिले की दुसऱ्या बाजूचे लोक स्टुडिओत येऊन उभे राहतात, आणि मालक माझ्याकडे असे बघतात जणू त्या लोकांच्या आत्याला मीच लग्नाला बोलावलं नव्हतं.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जे केलं ते ऐकून तुम्ही मला नालायक म्हणणार आहात. खुशाल म्हणा. ताईने तर त्याहून बरंच काही म्हटलंय.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण, आणि खारू ही तिची मुलगी. लहानपणी गोळ्या-चॉकलेटं गालात साठवून ठेवायची म्हणून मी तिला खारू म्हणायला लागलो, ते घरात चिकटलं. शाळा सुटली की ती स्टुडिओत यायची, माझ्या शेजारी स्टुलावर बसायची आणि मी कट कसा मारतो ते बघायची. अक्षता टाकणाऱ्याचा हात वर गेला की कापायचं, खाली यायची वाट बघायची नाही, हे तिला मी शिकवलं. आता ती सिनेमाच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे आणि मॅडम असं म्हणतात, मॅडम तसं म्हणतात, हे दिवसातून दहादा ऐकवते. मॅडम काय म्हणतात ते मी बावीस वर्षं करतोय, पण माझं नाव कोण घेणार.

तर दुसऱ्या वर्षाच्या मुलांना एकेका गाण्याचा व्हिडिओ करायचा होता. खारूच्या वाट्याला कॉलेजातल्याच चार मुलींचा बँड आला. एक गाणारी, एक ढोल वाजवणारी, एक गिटारवाली, एक पेटीवाली. गाणं तीन मिनिटं चाळीस सेकंदांचं. खारूने ते एका लाँड्रीत शूट केलं, म्हणजे भिंतीला ओळीने कपडे धुवायची मशीनं, मधे लांबलचक टेबल, आणि या चौघी तिथे कपडे धुताहेत, वाळवताहेत, घड्या घालताहेत आणि गाताहेत. कॉलेजातल्या कॉम्प्युटरवर मुलांची रांग, म्हणून ती आमच्या स्टुडिओत आली. जेवणानंतर एडिटिंगचं दुसरं मशीन रिकामं असतं, बसू दे तिला, असं मालक म्हणाले. मला त्यांनी कधी बस म्हटलं नव्हतं, पण असो.

त्यांच्या मॅडमची एक पद्धत आहे. कच्चा व्हिडिओ आधी तीस-पस्तीस अनोळखी लोकांना दाखवायचा. ओळखीचं कोणी नको, कारण ओळखीचे लोक गोड बोलतात. आणि ज्याने व्हिडिओ कापलाय त्याने पडद्याकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून उभं राहायचं. हातात वही आणि घड्याळ. कोण कधी हसलं, कोणी फोन काढला, कोण खुर्चीत पुढे सरकलं, ते वेळ घालून लिहायचं. मागे वळायचं नाही, तोंड उघडायचं नाही, मशीनला हात लावायचा नाही, व्हिडिओ दुसऱ्या कोणीतरी लावायचा. संपल्यावर लोक चिठ्ठ्या लिहितात, नाव न घालता, आणि त्या मुकाट्याने वाचायच्या.

मला हे ऐकून हसू आलं. मी म्हटलं, शिंपी काय गिऱ्हाइकाला विचारतो कात्री कुठे चालवू म्हणून? खारू म्हणाली, कात्री कुठे चालवू ते विचारत नाही, पण काखेत काचतं का ते तरी विचारतो ना. उत्तर द्यायला कार्टी पहिल्यापासून हुशार.

पहिल्या वेळी चौतीस चिठ्ठ्या आल्या. ती त्या घेऊन स्टुडिओत आली आणि टेबलावर पसरून बसली. बहुतेक चिठ्ठ्यांत तिची सालं काढलेली होती. फार भराभर बदलतं. डोळे दुखले. गिटारवाली उगाच मधे मधे येते. गाणारी चादरीची घडी घालत होती ते बघायचं होतं, तेवढ्यात गेली. ती चादर अकराजणांनी लिहिली होती. आणि ही बया खूश! अकराजणांना एकच ठिकाण बोचलंय मामा, असं म्हणत प्रत्येक चिठ्ठीवर पेन्सिलने खूण करत होती. लोक काय करायचं ते सांगत नाहीत, दुखतंय कुठे ते सांगतात, असं काहीतरी बोलली.

मी मान हलवली आणि माझ्या पडद्यावर एका नवरदेवाच्या काकांना तीन सेकंद मोजून दिले. पण खरं सांगतो, माझं लक्ष त्या चिठ्ठ्यांवरून हलेना. चौतीस माणसं! चौतीस माणसांनी कागद घेऊन, विचार करून, हिच्या कापण्याबद्दल लिहिलं होतं. शिव्या का असेनात. वीस वर्षांची पोरगी, माझ्या स्टुलावर बसून शिकलेली, आणि तिच्या एका कटवर अकरा माणसं बोलतात. माझ्या एवढ्या हजारो कटांवर कोणी ब्र काढला नाही. मी तिच्यावर जळलो. आपल्याच भाचीवर, जिला मी सायकल शिकवली तिच्यावर. लाज वाटली, नाही असं नाही. पण लाज वाटून जळणं कमी होत नाही, हा माझा अनुभव आहे.

नंतरच्या आठवड्यात तिने सगळं उलगडून पुन्हा बांधलं. मी बघत नव्हतो असं दाखवत बघत होतो. निम्मे कट काढून टाकले तिने. आणि गाण्याच्या मधोमध तो चादरीचा शॉट अख्खा ठेवला. गाणारी एकटी, मोठी डबल चादर, पलीकडचं टोक धरायला कोणी नाही. ती एक टोक हनुवटीखाली दाबते, हात लांब करते, चादर जमिनीला लागते, पुन्हा उचलते, आणि गात राहते. एकोणीस सेकंद. एकही कट नाही. एकोणीस सेकंदांत मी अख्खा वरपक्ष उरकतो. मी म्हटलं, खारू, जास्त होतंय. ती म्हणाली, बघू, लोक सांगतील.

लोक सांगतील! मामा सांगतो त्याचं काही नाही.

मग मी एक उद्योग केला. तिचं सगळं शूटिंग आमच्याच मशीनवर होतं. ती सकाळी कॉलेजात असायची तेव्हा, तीन दिवस, मालकांचा डोळा चुकवून, मी त्याच गाण्यावर माझा व्हिडिओ बांधला. स्वतःशी म्हणत होतो, नुसती हौस. पण हौस असली तर माणूस फाइल लपवून ठेवत नाही. चांगला झाला होता हो. एकेक कट तालावर, कुठे धक्का नाही, कुठे लोंबकळ नाही, रंग लखलखीत. मी दोनदा बघितला आणि खुर्चीत मागे रेलून बसलो. किती वर्षांनी तसा बसलो असेन.

दुसरा खेळ बुधवारी दुपारी होता आणि व्हिडिओ गुरुवारी सकाळी अकराला जमा करायचा होता. पहिल्या वेळी मशीन लावणारा शिपाई रजेवर होता. मीच म्हटलं, मी येतो, मी लावतो. ती म्हणाली, मामा, तू किती चांगला आहेस. लॅपटॉपवर दोन फाइली होत्या, तिची आणि माझी.

त्या क्षणी डोक्यात काय होतं, असं ताईने मला नंतर विचारलं. डोक्यात काही नव्हतं. समोर एकोणतीस माणसं बसली होती, सगळी अनोळखी. लायब्ररीतल्या दोघीजणी, झाडूवाले काका, कोणाकोणाचे घ्यायला आलेले आईबाप, पहिल्या वर्षाची पोरं. प्रत्येकाच्या मांडीवर कोरा कागद होता. खारू पडद्याकडे पाठ करून वही उघडून उभी राहिली आणि मला मान हलवून खूण केली. मी माझी फाइल लावली.

गाणं तेच, लांबी तीच, तिला कळायचं काही कारणच नव्हतं. मी दाराजवळच्या कोपऱ्यातून लोकांकडे बघत होतो. पहिलं अर्धं मिनिट बरं गेलं. मग पहिल्या वर्षाच्या एका पोराने फोन काढला. लायब्ररीतल्या एका बाईंनी पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं आणि गाणं संपेपर्यंत शोधत राहिल्या. चादरीची जागा आली तेव्हा खारूने पेन सरळ धरलं आणि लोकांच्या तोंडांकडे बघत राहिली, श्वास धरून. माझ्या व्हिडिओत चादर तीन सेकंद होती, मग ढोलवाली तीन, गिटारवाली तीन, पेटीवाली तीन. कोणाच्याही तोंडावर काही हललं नाही. खारूने खाली बघून काहीतरी लिहिलं. तिचा हात जरा वेळ तिथेच राहिला.

लोकांनी चिठ्ठ्या टाकल्या आणि गेले. त्या रिकाम्या वर्गात आम्ही दोघं पुढच्या बाकावर बसलो. पडदे ओढलेलेच होते. तिने निम्म्या चिठ्ठ्या माझ्याकडे दिल्या, म्हणाली, तू वाच, मला हिंमत होत नाही.

मी वाचल्या. सगळ्या छान दिसतात, पण बघायचं कोणाकडे ते कळलं नाही. कोणाच्या तरी घरच्या समारंभाचा व्हिडिओ वाटला. रंग चांगले आहेत. कापणारा कोणालाही नाराज करायला घाबरतो. ही शेवटची चिठ्ठी मी पुन्हा वाचली. अक्षर सुरेख होतं, बहुतेक लायब्ररीतल्या त्या बाईंचं. तीन मिनिटं चाळीस सेकंदांत त्या बाईने माझी बावीस वर्षं ओळखली, तीसुद्धा पर्स धुंडाळता धुंडाळता. मला तिचा इतका राग आला की विचारू नका.

त्यानंतरची चिठ्ठी अशी होती: गाणारी चादरीची घडी घालत असताना मधेच ढोलवाली का आणली? घडी पुरी होईपर्यंत थांबायचं होतं. मी ती वाचली, खारूकडे बघितलं, तिचं लक्ष नव्हतं, आणि ती चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात टाकली.

खारू रडत नव्हती. ती रडली असती तर बरं झालं असतं. तिने चिठ्ठ्या एकावर एक नीट लावल्या आणि सगळा हिशोब अगदी शांतपणे मांडला. पहिल्या वेळी लोक वैतागले होते पण बघत होते. या वेळी बघतच नव्हते. म्हणजे बदल चुकले. म्हणजे चादर चुकली. तू सांगत होतास जास्त होतंय, मी ऐकलं नाही. आता स्टुडिओत जाऊन ती चादर काढते आणि जुन्यासारखं करून उद्या देऊन टाकते. आणि पुढच्या वर्षी एडिटिंग घ्यायचं का, तेही बघते, कारण लोकांच्या तोंडावरचं मला वाचताच येत नसेल तर काय उपयोग.

ऐका आता, खरं सांगतोय. मला आधी बरं वाटलं. आतून गार वाटलं. मामा बरोबर होता, असं तिच्या तोंडून निघालं होतं. ती एकोणीस सेकंदांची चादर, जी रोज माझ्या डोळ्यांत खुपत होती, ती आता राहणार नव्हती, आणि मला बोटसुद्धा उचलायचं नव्हतं. नुसतं बसायचं होतं. मी बसलो. ती लॅपटॉपची वायर गुंडाळायला लागली.

आणि मला ते सहन होईना. मी चांगला माणूस आहे म्हणून नाही, गैरसमज नको. तो शॉट चांगला होता म्हणून. मी त्याच्यावर आठवडाभर उगाच जळत नव्हतो. हनुवटीखाली चादर दाबून पोरगी गाते आणि पलीकडचं टोक धरायला कोणी नाही, हे कापून फेकायचं आणि त्या जागी ढोलवाली घालायची? चोर झालो, पण कसाई नाही होणार मी.

मी खिशातून ती चिठ्ठी काढून बाकावर ठेवली. तिने वाचली. मग पुन्हा वाचली.

"माझ्या व्हिडिओत त्या जागी ढोलवाली नाहीये," ती म्हणाली.

मी सदऱ्याच्या खिशाचं बटण लावत बसलो.

"मामा, तू काय लावलंस?"

मी सांगितलं. तीन सकाळी, लपवलेली फाइल, सगळं. का केलं तेही सांगितलं. म्हटलं, तुला चौतीस चिठ्ठ्या आल्या तेव्हापासून माझ्या पोटात दुखतंय. मला एकदा बघायचं होतं, माझ्याबद्दल कोणी काय लिहितं ते.

ती खूप बोलली. ते इथे लिहिणार नाही. तिने मला अहोजाहो केलं, जन्मात पहिल्यांदा, यावरून समजा. तुम्हाला हौस होती तर मला सांगायचं होतं, मी दोन्ही लावले असते, असं ती म्हणाली, आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं, कारण तिने खरंच लावले असते. माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. मग तिने चिठ्ठ्यांचा गठ्ठा उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"या तुमच्या आहेत. माझ्या कुठायत?"

एकोणतीस माणसं आपापल्या घरी निघून गेली होती. परत बोलवायला वेळ नव्हता, आणि तिचा नवा व्हिडिओ अजून कोणी पाहिलेलाच नव्हता. मी म्हटलं, रस्त्यावर जाऊन लोक गोळा करून आणतो. ती म्हणाली, पाच वाजून गेलेत, साडेपाचला वर्गाला कुलूप लागतं.

ती खिडकीपाशी गेली. परत आली तेव्हा तिने लॅपटॉप पुन्हा जोडला, तिची फाइल स्वतःच लावली, मॅडमचा नियम मोडून, आणि मला मधल्या रांगेतल्या खुर्चीकडे बोट दाखवलं. मी बसलो. ती पडद्याकडे पाठ करून माझ्यासमोर उभी राहिली, वही उघडली, घड्याळ हातात घेतलं. मी म्हटलं, अगं, मी ओळखीचा आहे, चालत नाही ना ओळखीचं. ती म्हणाली, आज तुम्ही माझ्या ओळखीचे नाही आहात.

गाणं सुरू झालं. समोर पोरगी टक लावून बघत असताना तोंड सरळ ठेवणं किती कठीण असतं ते तुम्ही करून बघा. मी ठरवलं होतं की चेहऱ्यावर काही म्हणजे काही दाखवायचं नाही. चाळिसाव्या सेकंदाला पेटीवालीचा मोजा मशीनमध्ये अडकतो आणि ती तो ओढता ओढता सूर चुकवत नाही, तिथे मला हसू आलं. पुढे एका जागी दोन शॉट सारखेच वाटले. मग ती चादर आली.

स्टुडिओत मी ती तिच्या खांद्यावरून चोरून बघितली होती, आवाजाशिवाय, लहान पडद्यावर. इथे ती भिंतभर होती आणि गाणं होतं. सहा सेकंदांनंतर माझा हात आपोआप मांडीवर हलला, कट मारायच्या जागी. नऊला पुन्हा हलला. बाराव्या सेकंदाला गाणारी थकून थांबते, चादर छातीशी धरते, पुढची ओळ जरा उशिरा उचलते. तो उशीर मी कापला असता. बावीस वर्षांत असे किती उशीर मी कापले असतील, तालावर, सफाईने, कोणी नाराज होऊ नये म्हणून. हे मी कधीच केलं नसतं आणि हे तिला विसाव्या वर्षी जमलं. तोंडाचं काय झालं मला माहीत नाही, मी ते सांभाळायचंच विसरलो.

गाणं संपलं. तिने घड्याळ थांबवलं, शेवटची ओळ लिहिली आणि वही माझ्यासमोर धरली. तीनच नोंदी होत्या.

शून्य चाळीस: हसला. एक बारा: खुर्चीत मागे टेकला. एक बावन्न ते दोन अकरा: जळला.

मी वाचून वर बघितलं. तिचे डोळे अजून रागाचेच होते.

"खरं आहे?" तिने विचारलं.

"खरं आहे," मी म्हटलं. "अजून थांबलेलं नाही."

तिने वही परत घेतली आणि एक बारापुढे पेन्सिलने फुली मारली. म्हणाली, इथे एक शॉट कमी करते. मग शेवटच्या ओळीवर पेन्सिल आणली, पण फुली मारली नाही.

"मग याला मी हात लावणार नाही," ती म्हणाली, आणि वही मिटली.